आधी दचकणे

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी आठवीतली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येते. शिकवणी म्हणावी असे त्यात काही नाही. ती मोठ्याने वाचते, मी ऐकते, आणि एक परिच्छेद झाला की ती वहीत त्याचे मराठी करून दाखवते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही वाचत असलेल्या गोष्टीत एक म्हातारी अंधाऱ्या स्वयंपाकघरात एकटी बसलेली होती, आणि पुढचे वाक्य होते, ‘शी स्टार्टेड व्हेन द डोअर ओपन्ड.’ मुलीने जराही न अडखळता वहीत लिहिले, ‘दार उघडल्यावर तिने सुरुवात केली.’ मी हातातल्या पेन्सिलीने ‘तिने सुरुवात केली’ या शब्दांवर रेघ ओढली आणि वर लिहिले, ‘ती दचकली.’ मुलगी बराच वेळ दोन्ही ओळींकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, “बाई, मग सुरुवात करणं आणि दचकणं एकच असतं का?” मी सांगितले की तसे नाही, एकाच शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत, पुढे वाच. तिने पुढे वाचले. बाहेर पाऊस होता, खिडकीतून ओल्या मातीचा आणि शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास येत होता, आणि पुढची दोन पाने तिने काय वाचले ते माझ्या कानात शिरले नाही.

‘दोन वेगळे अर्थ आहेत’ हे उत्तर मी बत्तीस वर्षे वर्गात दिले. ते खोटे नाही. पण ज्या मुलाने दाराच्या फटीतून आत डोकावले आहे त्याच्या तोंडावर दार लोटून घेण्यासारखे ते आहे, असे त्या रात्री मला प्रथमच वाटले. मी स्वतः इंग्रजी पाचवीत शिकायला लागले, तेव्हा मराठी शाळांत तशीच रीत होती. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आले आणि ते शिकवायची वेळ आमच्या पिढीवर आली. आम्हाला शब्द मिळाले ते यादीने मिळाले. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये एक आडवी रेघ. ‘स्टार्ट’ या शब्दासमोर ‘सुरू करणे’ असे लिहिलेले होते, आणि ती यादी इतकी पाठ झाली की शब्दाला यादीच्या आधीचेही काही आयुष्य असेल, हे मनात येण्याचे कारणच उरले नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी मोठा शब्दकोश काढला. शब्दाचा जुना इतिहास पाहू लागले तेव्हा लक्षात आले की मी मुलीला उत्तर दिले होते ते क्रमानेही उलटे होते. या शब्दाचा मूळचा अर्थ सुरू करणे हा नाहीच. जुन्या इंग्रजीत तो उडी मारणे, उसळणे, एकदम जागचे हलणे अशा अर्थाने येतो, आणि त्याची जर्मन व डच भावंडे आजही कोसळणे, झेपावणे, ओतले जाणे अशाच अर्थांची आहेत. दचकवणे या अर्थाचा ‘स्टार्टल’ हा त्याच घरातला. अंगाला काहीतरी अनपेक्षित स्पर्शून जाते आणि अंग आपल्याला न विचारता उडते, ते स्टार्ट होणे. म्हातारीचे दचकणे हा या शब्दाचा मूळचा संसार आहे, आणि शर्यत सुरू करणे, यंत्र सुरू करणे, पावसाने सुरू होणे हे सगळे नंतर येऊन राहिलेले. मुलीने विचारलेला प्रश्न शब्दकोशाच्या पहिल्याच नोंदीत बसलेला होता.

मधला सांधा शिकारीचा असावा, असे जाणकार म्हणतात. झुडपात दडून बसलेल्या जनावराला आवाज करून बाहेर काढणे यालाही तिकडे हाच शब्द आहे. ससा आधी दचकतो, मग उडी घेतो, मग पळतो, आणि त्या क्षणापासून शिकार सुरू होते. हे वाचताना मला आपला ‘उठवणे’ आठवला. आमच्याकडे साताऱ्याच्या माळावर ‘ससा उठवला’ असेच म्हणत, आणि त्याच क्रियापदाने आपण अफवा उठवतो. ओरड उठते, वावटळ उठते, पोटात कळ उठते. झोपलेल्या गोष्टीने एकदम ताठ होणे हा यांच्यातला समान धागा आहे. मी शाळेत ‘स्टार्ट’साठी ‘उठणे’ हा शब्द कधी सुचवला नाही, आणि आज वाटते की अनेक वाक्यांत तोच जास्त जवळचा होता.

त्याच पानावर आणखीही बरेच होते. लाकडी जहाजाची फळी जागची सुटली, सांध्यातून ढिली झाली, तर तीही स्टार्ट झाली असे खलाशी म्हणत. भीतीने डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे झाले, तर डोळ्यांनाही हेच क्रियापद लागते. म्हणजे जे आपल्या जागी घट्ट बसलेले होते ते जागेवरून सुटले. सुरुवात या अर्थाने हा शब्द वापरणारांना सुरुवातीतले हे सुटणे माहीत असले पाहिजे. कोणत्याही नव्या कामाच्या पहिल्या दिवशी अंगात जी एक खिळखिळ असते, ती मला या फळीत दिसली.

एक गोष्ट मात्र फसवी निघाली, आणि तीच मला सगळ्यांत आवडली. हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेकडून थिरथिरा नावाचा एक छोटा पक्षी येतो. काळसर पाठ, पोट आणि शेपटी विटकरी. तो भिंतीवर किंवा दगडावर बसला की त्याची शेपटी सतत थरथरत असते, आणि मराठी नाव त्या थरथरीवरूनच पडलेले आहे. इंग्रजीत त्याला रेडस्टार्ट म्हणतात. आमच्या शाळेच्या कुंपणावर तो दर वर्षी येई, आणि त्याच्या नावातल्या ‘स्टार्ट’चा संबंध मी अनेक वर्षे त्या दचकल्यासारख्या हालचालीशी लावत होते. तो तसा नाही. तिथला ‘स्टार्ट’ म्हणजे शेपटी, तांबड्या शेपटीचा तो रेडस्टार्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हनमध्ये समुद्रात शेपटासारखे लांब घुसलेले जे टोक आहे, त्यालाही याच जुन्या शब्दावरून स्टार्ट पॉइंट हे नाव आहे. तिथे प्रारंभ कशाचाच नाही, भूमीचा शेवट आहे. दोन परके शब्द झिजत झिजत एकसारखे झाले, इतकेच. तरी थिरथिरा आठवला की माझ्या डोळ्यांपुढे अजून दचकणेच येते, आणि ते पुसावेसे वाटत नाही.

मग साहजिकच मी आपल्या शब्दांकडे वळले.

आरंभ हा शब्द आपण इतक्या सोहळ्याने वापरतो की त्याच्या पोटात हात आहे हे दिसत नाही. ‘रभ्’ म्हणजे धरणे, पकडणे. आ-रभ् म्हणजे एखाद्या गोष्टीला हात घालणे, ती हातात घेणे. लॅटिन भाषेतही सुरुवातीच्या क्रियापदात घेण्याचा धातू आहे, आणि जर्मन माणूस सुरुवातीसाठी जे क्रियापद वापरतो त्यात पकडणे आहे. एवढ्या दूरदूरच्या लोकांना आरंभ म्हणजे मूठ आवळणे असेच वाटले. पण मला त्यासाठी संस्कृतपर्यंत जायची गरज नव्हती, कारण आमच्या घरी दर जूनमध्ये हेच बोलले जाई. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला की अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, सांगत, “उद्या मूठ धरायची.” पेरणी सुरू करायची असे ते म्हणत नसत. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायची. काकूच्या ओटीत बी असे, चाड्याला हळदीकुंकू लागे, आणि तिची मूठ चाड्यावर सैल होऊन बी तीन नळ्यांतून मातीत उतरू लागे. तिच्या बोटांमधून ज्वारी सुटताना बारीक सरसर आवाज येई, तो मला अजून ऐकू येतो. घट्ट धरायचे आणि लगेच सोडायचे, पण बेताने, एका लयीत. फार सोडले तर दाट उगवते आणि कमी सोडले तर विरळ. आरंभ या शब्दातली पकड कशी असावी हे मी कोणत्याही कोशापेक्षा त्या मुठीत जास्त चांगले पाहिले आहे.

‘सुरू’ हा आपला रोजचा शब्द फारसीतून आला आणि मुळात अरबी आहे. त्याच्या अरबी धातूच्या कुटुंबात रस्त्याचा शब्द आहे आणि पाण्याकडे नेणाऱ्या वाटेचाही. ज्या मुलखात पाण्याची वाट सापडणे म्हणजेच जगणे, तिथे सुरुवातीच्या शब्दाशेजारी पाणवठा असावा हे मला फार खरे वाटते. ‘चालू’ मात्र संपूर्ण आपला आहे. बस चालू होते, शाळा चालू होते, पंखा चालू होतो, आणि चार पावलेही न टाकणारी मिक्सरसारखी वस्तू आपण बिनदिक्कत चालती करतो. उपक्रम या शब्दातही पाऊलच आहे. श्रीगणेशा, नांदी, नारळ फोडणे यांविषयी वाचकांना वेगळे सांगायला नको.

खरा आपला शब्द यांतला कोणताच नाही, असे मला त्या रात्री वाटले. मराठी माणूस सुरुवात सर्वांत जास्त वेळा सांगतो ती ‘लागणे’ या क्रियापदाने. पाऊस पडू लागला. मूल बोलायला लागले. ती रडायला लागली. आणि हेच क्रियापद चिकटण्याचे, स्पर्शाचे, जखमेचे आहे. ठेच लागते, भूक लागते, आग लागते, नाद लागतो, जीव लागतो. आरंभात माणूस कामाला धरतो. लागण्यात काम माणसाला धरते. रडायला लागलेल्या बाईने रडण्याचा आरंभ केलेला नसतो, रडे तिला येऊन लागलेले असते. बोलू लागलेल्या मुलाने सोमवारपासून बोलायचे असे ठरवलेले नसते. आपण ठरवून केलेल्या सुरुवाती आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, आणि त्यांचेच मुहूर्त काढले जातात. बाकीच्या आपल्याला लागतात.

इंग्रजी शब्द आपल्या घरांत आला तो मात्र यंत्रांच्या बरोबर आला. नळीच्या दिव्याचा स्टार्टर प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. करंगळीएवढ्या लांबीची, पांढऱ्या टोपीची ती डबी. दिवा फडफडला की वडील स्टुलावर चढत, ती डबी अर्धा वळसा फिरवत, आणि घर एकदम पांढरे होई. तिच्या आत वायू भरलेला एक छोटा काचेचा फुगा असतो आणि त्यात दोन धातूंची जोडपट्टी. वीज आली की वायू मंद उजळतो, त्या उबेने पट्टी वाकते आणि चिकटते, प्रवाह वाहू लागून नळीची दोन्ही टोके तापतात. इकडे पट्टी थंड होऊन सुटते, आणि त्या सुटण्याच्या क्षणी चोक जो जोराचा झटका देतो त्याने नळी पेटते. चिकटणे, मग सुटणे, मग झटका. एकदा दिवा लागला की स्टार्टरला काही काम राहत नाही. तो काढून हातात घेतला तरी दिवा जळत राहतो. वडिलांनी हे मला एकदा करून दाखवले होते, आणि उजेडात त्यांच्या तळहातावर पडलेली ती बिनकामाची डबी पाहून मला, सात-आठ वर्षांच्या मुलीला, का कोण जाणे, वाईट वाटले होते.

गावाकडचा स्टार्टर वेगळा. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपीत भिंतीवर ठोकलेली लोखंडी पेटी, तिला एक हिरवे आणि एक लाल बटण. वीज रात्री यायची असली की अण्णा घोंगडी पांघरून, एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन बांधावरून निघत. थंडीच्या दिवसांत मी एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. खोपीत तेलाचा आणि ओल्या चुन्याचा वास होता. हिरवे बटण दाबल्याबरोबर पेटीत खाडकन आवाज झाला, मोटर आधी गुरगुरली, मग तिचा सूर वर चढत गेला, आणि खोपीतला पिवळा दिवा क्षणभर मंद होऊन पुन्हा उजळला. तो दिवा मंद का झाला हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. चालती मोटर जेवढी वीज खाते, त्याच्या सहा-सात पट ती उभी असताना पहिल्या झटक्याला ओढते. मोठ्या मोटरांना म्हणून स्टार-डेल्टा नावाची पेटी लावतात, ती आधी हात आखडता ठेवून तो ओढा एक तृतीयांशावर आणते आणि मोटरने वेग घेतला की मग पुरती वीज देते. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळका असेल तर आधी पंपात वरून पाणी ओतावे लागे. पाणी उपसण्याची सुरुवात पाणी घालून करायची, हे अण्णांना अजिबात विचित्र वाटत नसे. त्या आवाजाने मी दचकले होते. अण्णांनी घोंगडीचा एक पदर माझ्यावर टाकला आणि म्हणाले, “लागली बघ.”

दचकणे आणि निघणे एकाच क्षणात कसे मावतात हे धावण्याच्या शर्यतीत उघड्या डोळ्यांनी दिसते. पिस्तुलाचा आवाज होतो आणि धावणारा उसळतो. ससा उठवण्याचीच ती रीत आहे, फक्त ससा स्वतः कान देऊन बसलेला आहे. मोठ्या स्पर्धांत आता धावपटूच्या पाठीमागे त्याच्या पायटेकणीजवळ ध्वनिक्षेपक असतो, म्हणजे कडेच्या माणसाला आवाज उशिरा पोहोचायला नको. आवाज झाल्यापासून एक दशांश सेकंदाच्या आत जो हलला त्याने आवाज ऐकून सुरुवात केली असे मानत नाहीत, त्याने अंदाजाने केली असे मानतात, आणि 2010 पासून अशा पहिल्याच चुकीला बाद करतात. 2011 साली दक्षिण कोरियातल्या देगू इथे जागतिक स्पर्धेच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीतून उसेन बोल्ट असाच बाहेर गेला. आवाजाच्या आधी निघालेला तो एक पायही मला फार जवळचा वाटतो. जो दचकण्याच्या आधीच निघाला त्याची सुरुवात खोटी ठरते, असा तो नियम आहे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पिस्तूल नव्हते. खेळाचे सर दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटत, आणि चुन्याच्या रेघेवर वाकलेल्या आम्हा मुलींच्या पोटात त्या आवाजाआधीच्या शांततेत खड्डा पडे.

माझा मुलगा जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी त्याला दोन हातांवर उचलले आणि त्याचे डोके किंचित मागे जाऊ दिले. मुलाचे दोन्ही हात झटक्याने बाजूला उडाले, बोटे पसरली, आणि मग ते हात थरथरत छातीकडे परत आले. मी ओरडलेच. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की हे व्हायलाच हवे, झाले नसते तर काळजी केली असती. मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने 1918 साली याचे वर्णन केले, तेव्हा त्याने त्याला कवटाळण्याचे नाव दिले होते. पडतोय असे वाटले की बाळ आधी दचकते आणि मग जे असेल त्याला धरायला पाहते. चार-सहा महिन्यांत ही सवय जाते. आपल्याकडे आजी लोक बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात ते याच्यासाठीच, बाळ आपल्याच हातांनी दचकून उठू नये म्हणून. त्या रात्री कोश मांडीवर घेऊन बसले असताना मला ते दोन हात दिसले. आधी इंग्रजी शब्द, मग लगेच संस्कृत शब्द, एकाच अंगात, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने.

यापुढचे लिहावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

चार वर्षांपूर्वी पहाटे तीन वाजता फोन वाजला होता. मी दचकून उठले, अंधारात हात पसरले, पाण्याचे भांडे पडले. यजमान परगावी गेलेले होते आणि फोनवर त्यांचा आवाज नव्हता. त्यानंतरचे सगळे त्या फोनपासून मोजायची मला सवय झाली आहे. बँकेची कामे, गॅसचा नंबर, विजेचे बिल, एकटीने केलेला पहिला रेल्वेचा प्रवास, एका माणसाच्या मापाचा भात. यांतले काहीही मी आरंभिले नाही. ते मला लागले. आणि त्यात पुढे काही चांगलेही लागले, हे मान्य करायला मला फार वेळ लागला. उशिरापर्यंत वाचत बसणे, कोणाला न विचारता खिडकी उघडी टाकणे, संध्याकाळी या मुलीची वाट पाहणे. हे सुख त्या फोनशिवाय आले नसते, या विचाराने मला अजून अपराधी वाटते, आणि ते सुख परत करावेसेही वाटत नाही. गोष्टीतली म्हातारी अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसलेली होती आणि दार उघडले. मी घाईने ‘ती दचकली’ असे लिहून वाक्य मिटवले, कारण ते दचकणे मला माहीत होते. मुलीला माझ्यापेक्षा पुढचे दिसले होते. गोष्ट तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. अर्थात फोनचे नाही. ससा, फळी, थिरथिरा, अण्णांची मोटर, बाळाचे हात. ती तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मग तिने वही उघडली आणि माझ्या पेन्सिलीच्या ‘ती दचकली’मधल्या ‘दचकली’वर काट मारून शेजारी आपल्या पेनाने ‘दचकून उठली’ लिहिले, आणि वर न पाहताच विचारले, “हे चालेल ना, बाई?” मी म्हणाले, चालेल. एवढ्यात वीज गेली आणि दोन मिनिटांनी परत आली, पण माझ्या खोलीतली जुनी नळी काही केल्या लागेना, नुसती टोकांना लालसर होऊन फडफडत राहिली. मी उठणार तोच मुलगी स्टुलावर चढली, तिने ती पांढरी डबी दोन बोटांत धरली, अर्धा वळसा दिला, आणि वर पसरलेल्या तिच्या हातांवर एकदम उजेड पडला. ती खाली उतरली, ओढणीला हात पुसले, कालच्या ओळीवर बोट ठेवले आणि वाचायला लागली.